लाल की निळं

ओजेच्या कापडबाजारात एका जुन्या हातमागाच्या कापडाचं एक टोक अशाकेच्या हातात होतं, दुसरं एका अनोळखी तरुणाच्या.

"सोडा की," ती म्हणाली.

"वीण बघतोय. विणकर आहे मी."

"आणि मी कपडे शिवते."

"म्हणजे कापता," तो हसला. आणि त्या हसण्यानेच घात केला.

अदिगुन त्याचं नाव. मग काय, कापडाचं निमित्त करून ती लागोसहून त्याच्या गावी, इसेयिनला, खेपा घालू लागली. तो वीतभर रुंदीच्या पट्ट्या विणायचा, ती त्या जोडून जॅकेटं शिवायची आणि लागोसच्या पोरींच्या त्यांवर उड्या पडायच्या. त्याच्या आईला मात्र हे रुचत नव्हतं. डोक्याला बांधायच्या कापडाच्या बाह्या करते म्हणे, काय एकेक थेरं!

आणि आता त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. रिवाजाप्रमाणे लग्नात सगळ्यांनी घालायचं कापड ठरलं: घरच्यांना लाल, मित्रमंडळींना निळं. दोन्ही अदिगुनच विणत होता. आपल्याला कुठलं येणार? अशाकेचा जीव टांगणीला लागला. निळं आलं तर... तर संपलंच की सगळं! बरं, विचारायचीही सोय नव्हती. लाल कापड मागून घेतलं, तर त्यात राहिलं काय?

नवरीच्या मैत्रिणींना निळं पोचलं, त्यांचं शिवूनही झालं. हिला काहीच नाही. लग्न परवावर आलं. आपल्याला बोलावणंच नाही की काय? शिवताना सुई बोटात गेली. तिने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला...

संध्याकाळी तोच दारात उभा, काखेत पुडकं घेऊन.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"निळं संपलं असेल," तिने तोंड फिरवलं.

"तुझ्यासाठी निळंच विणलं होतं. पण... देववेना. तू नुसती मैत्रीण नाहीस माझी, अशाके. आणि लाल द्यायचं तर आईला विचारावं लागतं." तो घुटमळला. "धीरच होत नव्हता. काल विचारलं."

नाही म्हणाल्या असतील तर?

"काय म्हणाल्या?"

त्याने पुडकं सोडलं. आत लालभडक पट्ट्या होत्या, अजून न जोडलेल्या. अशाकेला रडूच कोसळलं.

"म्हणाली, शिवू दे तिला काय ते जॅकेट," तो हळूच म्हणाला, "पण लग्नात तिने बसायचं माझ्या शेजारी."