झेंडूच्या माळेपलीकडे

जेवणं आटोपल्यावर गंगाधर तात्या काळाचौकीच्या आपल्या चाळीत, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. शेजारच्या खोलीतली वैभव आणि श्रेया ही भावंडं कठड्याला टेकून रविवारचा बेत करत होती.

"तात्या, मित्राच्या सोसायटीत जातोय पोहायला," वैभव म्हणाला. "काय पूल आहे माहितीये? टेकडीच्या अगदी कडेला. पाण्यात उभं राहिलं की समोर थेट खाडी. मध्ये काही नाहीच!"

"काही नाही?"

"काच आहे हो. दिसत नाही इतकंच."

"काच आहे ना, मग बरं." तात्यांनी खुर्ची पोरांकडे वळवली. मग म्हणाले, "माझा भाचा हेरंब. दर गणपतीत येतो, तुम्ही पाहिलाय. त्याच्या घरी घडलेलं सांगतो. श्रेया, घाबरणार असशील तर आत जा गो."

"मी नाही घाबरत. हाच टरकतो," श्रेया म्हणाली, आणि हळूच सरकून तात्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसली.

दोन हजार चोवीस साल. कोजागिरीची पौर्णिमा, बुधवार. हेरंब ऑफिसमधून अर्धी सुट्टी घेऊन निघाला आणि झेंडूच्या माळा आणायला दादरच्या फुलबाजारात गेला. दसरा नुकताच झालेला, त्यामुळे झेंडू स्वस्त. दोन मोठ्या पिशव्या भरून माळा घेऊन तो टॅक्सीने घरी आला.

घर अँटॉप हिलवर. टेकडीच्या उतारावर उभा केलेला नवा टॉवर. खाली गाड्या, त्यांच्या डोक्यावर बाग, बागेला लागून टेकडीच्या कातळातच तरणतलाव, आणि तलावाच्या पातळीलाच हेरंबचं घर. दार उघडून चार पावलं टाकली की पाणी. एके काळी टेकडीच्या त्या अंगाने दगड काढायचे, रस्त्याच्या खडीसाठी; ती फोडायला मजूर बायका असायच्या. त्या खाणीचा खड्डा आयताच होता, त्यातच बिल्डरने तलाव बांधला. "खोदाई वाचली लेकाची," असं म्हणून सोसायटीतले लोक हसायचे.

तलावाच्या पूर्वेला खाटेएवढ्या रुंदीची फरशी, आणि फरशी संपली की सरळ कडा. खाली तीन मजले खोल, नुसता कातळ. म्हणून तिथे लोखंडी गजांचं कुंपण होतं. गज असे जवळजवळ, की लहान पोराचं डोकंसुद्धा जाऊ नये. दिसायला मात्र काळंकुट्ट. पलीकडे मिठागरं, खाडी, थंडीत फ्लेमिंगोंचे गुलाबी पट्टे, आणि हे सगळं बघायचं कशातून, तर गजांतून.

"तुरुंगात पोहल्यासारखं वाटतं," लोक म्हणायचे. हेरंब सोसायटीचा सेक्रेटरी. काच बसवायची कल्पना त्याचीच. मीटिंगमध्ये त्यानेच ती लावून धरली आणि मंजूर करून घेतली. त्याची बायको नम्रता तेवढी म्हणाली होती, "आधी काच येऊ दे, मग गज काढा."

"अगं, कोजागिरीला चंद्र खाडीवरून वर येतो. गजांआडून कसला बघायचा?"

तर गज कापून काढले, आणि काच आलीच नाही. काचवाला म्हणाला, दिवाळीनंतर. फरशीत वीतभर उंचीचे लोखंडी खुंट तेवढे उरले.

"आणि पोरं?" नम्रताने विचारलं. त्यांची मनू तेव्हा चार वर्षांची. एकुलती एक. पायाला भिंगरी लावल्यासारखी पळणारी.

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उद्या तिथे पत्रे ठोकून घेतो. खुंटांना काठ्या बांधून झेंडूच्या माळा सोडतो. शोभापण होईल, आणि इथून पुढे जायचं नाही हे पोरांना कळेल पण."

बघा. शहाण्यासुरत्या माणसांनी पोरं झेंडूच्या माळेवर सोपवली.

दिवेलागणीला हेरंबने माळा बांधल्या. छान दिसत होतं. हात धुवायला तो घरात गेला, परत आला, तर माळा काठ्यांवर नव्हत्या.

कड्यापासून दूर, तलावाच्या अलीकडे, फरशीवर ठेवल्या होत्या. गोल गुंडाळून. डोक्यावर घमेलं घ्यायच्या आधी बायका कपड्याची चुंबळ करतात ना, तशी झेंडूची चुंबळ. आणि ओलीचिंब.

"कार्टी!" हेरंब पुटपुटला. आजूबाजूला पोर एकही नव्हतं. तरी त्याने मनाशी पोरांनाच शिव्या घातल्या आणि माळा पुन्हा बांधल्या. दुहेरी गाठी मारून.

रात्री दहाला माणसं जमली. सतरंज्या, दुधाचं पातेलं, केशराचा वास. चंद्र एव्हाना खूप वर आला होता आणि खाडी चांदीच्या पत्र्यासारखी चमकत होती. जो तो हेरंबच्या पाठीवर थाप मारत होता. "सेक्रेटरी, मानलं बुवा! याला म्हणतात व्ह्यू!"

कोजागिरीला आपल्यात थोरल्या पोराला ओवाळतात. घरातलं पहिलं मूल. सोसायटीतल्या बायकांनी आपापली थोरली पोरं पाटांवर ओळीने बसवली, तोंडं पूर्वेला करून. नम्रता मनूला ओवाळत होती. मनूचं लक्ष ताटाकडे नव्हतंच. ती आईच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"मनू, समोर बघ."

"आई, त्या काकूपण ओवाळतायत."

"कोणाला?"

"मला."

हेरंब हसला. "कुठली काकू गं?"

"ती काय. तिच्याकडे ताटच नाही. नुसते हात फिरवते."

मनूने बोट दाखवलं. झेंडूच्या माळेकडे नाही. माळेच्या पलीकडे.

पलीकडे जमीन नव्हती, पोरांनो.

हेरंब उठला, माळेपर्यंत गेला. कोणी नाही. चांदणं, आणि खाली काळा कातळ. तो वळला आणि त्याला जाणवलं की आपण घामाने भिजलोय. ऑक्टोबरचा उकाडा, त्याने स्वतःला सांगितलं.

"झोप आलीये तिला. काहीबाही बडबडते," नम्रता म्हणाली, आणि मनूला उचलून घरी घेऊन गेली.

एक वाजून गेल्यावर माणसं पांगली. सतरंज्या उचलल्या गेल्या. वॉचमन खाली गेटवर. बागेतले दिवे बंद करायचे म्हणून हेरंब एकटा मागे राहिला. त्याने बटणं बंद केली. नुसतं चांदणं उरलं.

तेव्हा त्याला आवाज आला.

फट्... फट्... फट्...

ओली पावलं फरशीवर पडतात तसा.

आवाज तलावाच्या काठाकाठाने चालला होता. पूर्वेच्या फरशीवर, दक्षिण टोकाकडून. मग माळेशी येऊन थांबला. बराच वेळ थांबला. आणि पुन्हा मागे फिरला.

फट्... फट्...

फरशी कोरडी होती.

घराबाहेर पोर खेळत असलं म्हणजे आई कशी दारातून आत, आतून दारात करते, तशी त्या आवाजाची येरझार. जा-ये. जा-ये. जिथे गज नव्हते, तेवढ्याच पट्ट्यात.

हेरंब पळाला. मागे न बघता. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. नम्रताने त्याच्यासाठी तसं ठेवलं होतं. त्याने आत येऊन कडी लावली, पाठ दाराला लावून उभा राहिला. बिछान्यावर नम्रता होती, कपड्यानिशी झोप लागलेली, एक हात बाजूला पसरलेला.

त्या हातावर मनू नव्हती.

"नम्रता... मनू कुठाय?"

ती दचकून उठली. शेजारी चाचपलं. चादर गरम होती.

"इथेच होती... आत्ता..."

बाथरूम. स्वयंपाकघर. नाही.

दार लोटलेलं होतं. तो बटणांपाशी पाठ करून उभा होता, तेव्हाच ती...

हेरंबने कडी काढली.

चांदणं. पाणी. आणि पूर्वेच्या फरशीवर, पांढऱ्या फ्रॉकात, त्याची मुलगी. माळेकडे चालत होती. हळूहळू. एक हात पुढे केलेला.

त्याने उंबरा ओलांडला.

तो धावला. तलावाला वळसा. केवढा लांब तो वळसा...

मनू माळेखालून वाकली. पलीकडे गेली.

"मनू!"

तिने पुढचा पाय उचलला. हवेत ठेवला.

आणि थांबली.

हिसका बसल्यासारखी. मागून कोणी खेचावं तशी. ती पालथी पडली, अर्धी फरशीवर, अर्धी बाहेर. रडायला लागली.

हेरंबने स्वतःला फरशीवर झोकून दिलं, तिचा फ्रॉक धरला, पोटाशी ओढली. पण ती पूर्ण येईना. कशात तरी अडकली होती. त्याने खाली बघितलं.

मनूच्या घोट्याला पट्टी बांधलेली होती. जुनेराची, जाडीभरडी, लुगड्याच्या काठाची. दुसरं टोक लोखंडी खुंटाला.

रस्त्याच्या कामावरच्या बायका काय करतात, पाहिलंय ना? पोर रांगतं-चालतं झालं की पायाला चिंधी, चिंधी खुंटीला. म्हणजे आई खडी फोडत असताना पोर खड्ड्याकडे जायला नको.

तशीच.

पट्टी भिजलेली होती. तिला दगडाच्या धुरळ्याचा वास येत होता. हेरंबने नखं तुटेपर्यंत गाठ ओढली. सुटेना. नम्रताने घरातून कात्री आणली, तेव्हा कुठे कापली.

तात्या थांबले. खाली रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, तिचा आवाज दूर विरला.

"म्हणजे... वाचवलंच ना तिने?" वैभवने विचारलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता.

"वाचवलं."

"मग गज?"

"दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावले. तेच जुने, काळेकुट्ट. हेरंब स्वतः वेल्डरपाशी उभा राहिला. काचेचं नाव कोणी काढलं नाही पुन्हा."

"मग त्यात घाबरण्यासारखं काय?" श्रेया म्हणाली. "चांगलीच होती की ती."

"मीही त्याला हेच म्हटलं होतं," तात्या म्हणाले. "पण रात्र संपली नव्हती गो अजून."

मनूला घेऊन दोघं घरात आली. सगळे दिवे लावले. कडी, वरची कडी, साखळी. नम्रताने तिला मांडीवर घेतलं, तोंड पुसायला पदर उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला.

"हेरंब... तू लावलीस ही?"

मनूच्या डाव्या गालावर तीट होती.

काळी. ठसठशीत. अंगठ्याने लावलेली. ओवाळताना नम्रताने कुंकू लावलं होतं, ते कपाळावर होतं. तीट तिने लावली नव्हती. घरात काजळाची डबीच नव्हती.

नम्रता पोरीकडे बघत बसली. कोणाच्याही पोराला कुंकू लावावं, ओवाळावं, खाऊ द्यावा. तीट मात्र आई लावते. आपल्या पोराला लावते.

तिने साबण घेतला. चोळचोळून गाल धुतला. मनू रडली, तरी धुतला. गाल लाल झाला, तीट गेली. मग दोघांनी पोरीला मध्ये घेतलं, तिचे दोन्ही हात दोघांनी धरले, आणि दिवे चालू ठेवून पडून राहिले. झोपायचं नाही असं ठरवून.

पहाटे कधीतरी डोळा लागला.

उजाडलं. दाराच्या कड्या जागच्या जागी. साखळी तशीच. मनू मध्ये शांत झोपलेली, तोंड वळवून.

नम्रताने तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं.

तीट पुन्हा होती.

त्याच जागी.

ओली.