पत्ता अपूर्ण

गौसिया चिखलीहून सकाळच्या एसटीने बुलढाण्याला गेली ती नोकरीच्या परीक्षेला. पिशवीत बारावीची गुणपत्रिका, दोन फोटो आणि डब्यात भेंडी-भाकर. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि ती पोरगी तशी घाबरणाऱ्यातली नव्हतीच.

जागा होती रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणारीची. कोणी मदत मागितली की नाव-गाव लिहून घ्यायचं आणि गाडी धाडायची. हीच नोकरी का, हे फक्त तिच्या आईला ठाऊक होतं. तिचे अब्बा, जहांगीर, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. बीटी कपाशी आली तेव्हा लोक हसत म्हणाले, जहांगीरभाई, आता अळी नाही न् फवारणी नाही, तुमचं दुकान बंद करा. अळी काय जाहिरात वाचते? काही वर्षांत ती परत आली, फवारण्या पहिल्यापेक्षा वाढल्या आणि अब्बांना वावरावावरांतून बोलावणी येऊ लागली. तीन वर्षांपूर्वी अशाच एका वावरात पंपाची नळी फुटली आणि औषध त्यांच्या तोंडावर उडालं. मालकीण शालूबाईने फोन लावला. गाडी आलीच नाही. लोकांनी बैलगाडीतून आणलं तेव्हा सगळं संपलं होतं. त्या फोनच्या खुर्चीवर आपण बसायचं, हे गौसियाने अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाआधीच ठरवून टाकलं होतं.

कंट्रोल रूमचे साहेब महादेवराव. त्यांनी तिच्या कानावर हेडफोन चढवला.

"मी पलीकडच्या खोलीतून खोटा फोन करणार. तुम्ही खऱ्यासारखा घ्यायचा. तीन मिनिटांत गाव आणि रस्ता मिळाला नाही, तर कॉल बंद. उगाच गाडी सोडली तर नापास."

ते गेले आणि दार लागलं. दुपारचे तीन वाजले होते, पण आभाळ इतकं भरून आलं होतं की खोलीत दिवेलागणीसारखा अंधार. तेवढ्यात लाईट गेली. पंखा गरगरत थांबला, बॅटरीवरचा कॉम्प्युटर तेवढा उजळत राहिला.

आणि कानात आवाज सुरू झाला. कचक... कचक... पंपाचा दांडा वरखाली होत होता. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. पाठोपाठ वास आला, गोडूस, उग्र, घशात बसणारा. अब्बांच्या शर्टाला यायचा तोच.

"हॅलो... बाई, गाडी धाडा. मानूस पडला..."

"कुठून बोलता?"

"चिंचेच्या वावरातून."

कॉम्प्युटरच्या यादीत गावं होती. वावरं नव्हती.

"गाव कोणतं?"

"वावरातूनच बोलून राह्यली ना बाई... चिंचेचं वावर. समदे वळखतात."

गौसिया ओळखत होती. लहानपणी अब्बांच्या लुनावर मागे बसून तिने अख्खा तालुका वावरांच्या नावांनी पाठ केला होता. हिवरा आश्रमाच्या अलीकडे, नाल्यावरून डावीकडे, गाडरस्त्याने सरळ.

"कोण पडलं?"

"पंपवाले... जहांगीरभाई. तोंडाले फेस येऊन राह्यला... लवकर करा बाई."

 तिच्या डोक्यात तिडीक गेली. परीक्षेसाठी कोणी अशी थट्टा करतं? ती ओरडणार, तोच दार उघडून महादेवराव टॉर्च घेऊन आत आले.

"थांबा जरा. लाईट आली की हेडफोनची वायर जोडतो, मग सुरू करू."

गौसियाने खाली पाहिलं. वायरचं टोक तिच्याच मांडीवर पडलं होतं. कानात बाई विचारत होती, "ऐकून राह्यल्या ना..."

"साहेब, गाडी धाडा. चिंचेचं वावर."

महादेवरावांनी टॉर्च तिच्या चेहऱ्यावर रोखला. 

"हे नाव... तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. तीन वर्षांपूर्वीची तारीख आणि त्यांचंच अक्षर: चिंचेचं वावर. पत्ता अपूर्ण. कॉल बंद.

"वावराचं नाव म्हणजे पत्ता नसतो हो. मी नियमाने..."

"ते माझे अब्बा होते."

महादेवरावांनी त्या ओळीवर हात ठेवला.

"मग तिथं आता कोण आहे, बाई? कोणासाठी पाठवू? रिकामी गाडी सोडली तर मला नोकरी देता येणार नाही."

"नोकरी ठेवा तुमच्यापाशी," गौसिया म्हणाली. "तीन वर्षं उशीर झाला. आता एक मिनिट नाही होऊ द्यायची मी."

भिंतीवर चिखलीच्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव आणि मोबाईल नंबर चिकटवला होता. तिने स्वतःच्या मोबाईलवरून ड्रायव्हर दयारामला रस्ता सांगितला. मग हेडफोनमध्ये म्हणाली, "गाडी निघाली, बाई. त्यांना कुशीवर वळवा. अंग पाण्यानं धुवा. मी आहे, फोन ठेवू नका."

"हाव..."

पाऊण तास दांडा वाजत राहिला. महादेवरावांना ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी नाकाला रुमाल लावला होता.

दांडा थांबला आणि दयारामचा फोन आला.

"ताई, चिंचेखाली आलो. इथं कोणी नाही. नुसती कपाशीची पऱ्हाटी उभी आहे."

"स्ट्रेचर काढा."

"रिकामं?"

"खाली ठेवा. जरा थांबून उचला."

पलीकडे नुसता वारा. मग दयाराम अगदी हळू बोलला.

"ताई... आमी दोघं आहो. उचलल्या जाऊन नाही राह्यलं."

"तिसरा कोणी बोलवा. पन घेऊन या त्याइले."

तिने रजिस्टर ओढलं, त्या ओळीवर काट मारली आणि लिहिलं, गाडी पोहोचली. वेळही लिहिली. तेव्हा कुठे तिला रडू आलं, आणि ती पोटभर रडली.

डोळे पुसून तिने पान उलटलं. पुढचं अख्खं पान त्याच अक्षरात होतं. पत्ता अपूर्ण. पत्ता अपूर्ण. पत्ता अपूर्ण.

"मिटा ते," महादेवराव पुटपुटले.

वास पुन्हा आला. कचक... कचक... वायर अजून तिच्या मांडीवरच होती. या वेळी महादेवरावांनी दोन्ही कानांवर हात दाबले.

गौसियाने खुर्ची पुढे ओढली.

"बोला," ती म्हणाली. "वावराचं नाव सांगा."