कोरडी सीट

शनिवारी दुपारी तिघं ऑटोने निघाले. काम तसं साधंच होतं. चेरीतालमध्ये घरासमोरच्या गल्लीत पाण्यात बुडालेली त्यांची गाडी आता दुरुस्त होण्याजोगी राहिलेली नाही, असं विमा कंपनीने ठरवलं होतं. सर्व्हेयर तिला शेवटचं पाहणार, बाबा कागदांवर सह्या करणार, दोन्ही चाव्या देणार आणि गाडी कायमची जाणार.

ऑटोत मधे बाबा, एका बाजूला नीलिमा मावशी आणि दुसऱ्या बाजूला प्रणोती. बाबांच्या मांडीवरची फाइल वाऱ्याने उघडू नये म्हणून मावशीने तिच्यावर हात ठेवला होता. प्रणोती सगळा रस्ता त्या हाताकडे पाहत होती. तिचा स्वतःचा हात कुर्त्याच्या खिशात होता, आणि खिशात हिरव्या मण्याची चावी होती.

हीच ती दुसरी चावी, जी सगळं घर कधीपासून शोधत होतं.

चावी मुळात आईची. आईला गाडी चालवता येत नव्हती, तरी चावी तिच्या पर्समध्ये असायची. ती कायम पुढे, बाबांच्या डाव्या हाताला बसायची आणि पट्टा कधी लावायची नाही. मग गाडी टिंग टिंग करत सुटायची.

"अगं लाव ना तो पट्टा, डोकं खाऊन राहिली गाडी," बाबा म्हणायचे.

"खाऊ द्या," आई म्हणायची. "मी बसली आहे, हे समजू द्या तिले."

तीन वर्षांपूर्वी आजारपणात आई गेली. दवाखान्यात जातानाही ती त्याच सीटवर बसली होती. त्यानंतर ती जागा प्रणोतीची झाली. शाळेला, सदरच्या बाजाराला, कुठेही जाताना ती पुढे बसायची. कधी कधी ती गेटपाशी उभी असताना रिकाम्या सीटवरूनच टिंग टिंग सुरू व्हायचं. मेकॅनिक म्हणाला, सेन्सर खराब आहे. पण प्रणोती बसली, तिने पट्टा लावला की आवाज लगेच थांबायचा. आई आपल्यासाठी जागा धरून ठेवते, असं तिला वाटायचं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

मागच्या डिसेंबरात बाबांनी नीलिमा मावशीशी लग्न केलं. मावशी वाईट नव्हती, आणि प्रणोतीला तेच सोसत नव्हतं. वाईट असती तर निदान कोणाजवळ तक्रार तरी करता आली असती. पहिल्याच दिवशी बाबांनी गाडीचं पुढचं दार मावशीसाठी उघडलं. प्रणोती मागे जाऊन बसली. मावशीने पट्टा लावला, तरी गाडी टिंग टिंग करतच राहिली. थेट नदीवर, तिलवारा घाटापर्यंत करत राहिली. मागे प्रणोतीने खिडकीकडे तोंड वळवून हसू लपवलं.

जूनमध्ये मावशी गाडी चालवायला शिकली आणि बाबांनी हिरव्या मण्याची चावी तिच्या तळहातावर ठेवली. त्याच संध्याकाळी चावी प्रणोतीच्या कंपासपेटीत गेली.

मग ऑगस्टमधली ती सकाळ. नाल्याचं पाणी उलटं गल्लीत शिरलं. बाबा कारखान्यात ड्यूटीवर, त्यांची चावी त्यांच्याजवळ. शेजारीपाजारी आपापल्या गाड्या वरच्या रस्त्यावर नेत होते आणि मावशी कपाटातले कपडेसुद्धा जमिनीवर काढून चावी शोधत होती.

"प्रणोती, तू तरी पाहिली का गं?"

"नाही."

कंपासपेटी तेव्हा तिच्या मांडीवरच होती. खिडकीतून दिसत होतं. पाणी चाकांवर चढलं, मग दारांवर, मग काचांवर. मधेच पाऊस क्षणभर थांबला. त्या शांततेत बुडत्या गाडीतून आवाज आला... टिंग... टिंग... आणि मग तोही बंद झाला.

आज तिने ठरवलं होतं, चावी हळूच सीटच्या फटीत सरकवायची आणि तिथेच सापडली म्हणून दाखवायची. बाबांना कधीच कळणार नाही.

गॅरेज कटंगी रोडला, वस्ती संपल्यावर होतं. मागच्या आवारात पुरातल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. काचांवर आतून चिखल वाळलेला. आभाळ इतकं भरून आलं होतं की तीन वाजताच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. कुजलेल्या कापडाचा आणि नाल्याचा वास हवेत साचून राहिला होता. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि काढलेली बॅटरी शेजारी विटेवर ठेवली होती.

सर्व्हेयर अनुपम जी तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी मोबाइलमधला फोटो बाबांपुढे धरला.

"सर, एक बात समझ नहीं आई. पानी डैशबोर्ड के ऊपर तक गया है, बाकी सब सीटें सड़ गईं. ये आगे वाली सूखी कैसे? सीट बदलवाई है क्या?"

"नहीं साहब, हमने हाथ भी नहीं लगाया."

"मैं मान लूँ, कंपनी नहीं मानेगी. क्लेम अटक जाएगा. और दूसरी चाबी?"

बाबा फाइल चाळू लागले. मावशी पुढे झाली.

"मुझसे गुम हुई है. लिख दीजिए, मेरी गलती."

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. होते असं."

प्रणोतीने खिशातली चावी घट्ट आवळली. तिने केलेली चूकही मावशीने स्वतःकडे घेतली होती, आणि वर बाबांचा हातही.

"मी एकदा गाडीत पाहून येते," ती म्हणाली.

ती डाव्या दाराने आत वाकली. सीट खरंच कोरडी होती, पण सगळी नाही. कडा काळ्या, ओल्या, बुरशी धरलेल्या. मधला भाग तेवढा स्वच्छ. खाली रुंद, पाठीला अरुंद, वर डोक्याएवढा गोल. कोणीतरी पाणी उतरेपर्यंत तिथून हललंच नव्हतं.

प्रणोतीला भीती वाटायला हवी होती. पण तिला वाटला आनंद.

"आई..." ती पुटपुटली. "माझ्यासाठी धरून ठेवली ना?"

आणि ती त्या जागेवर बसली.

सीट उबदार होती.

टिंग.

समोर उघडं बॉनेट आणि त्यापलीकडे विटेवर बॅटरी. तिच्या वायरी चिखलात लोंबत होत्या.

टिंग... टिंग...

प्रणोतीने घाईने पट्टा ओढला. खट्. आता थांबेल. तिच्यासाठी नेहमीच थांबायचं.

टिंग टिंग. टिंग टिंग टिंग.

थांबलं नाही. वाढतच गेलं. आणि तेव्हा तिला समजलं की ही जागा तिच्यासाठी कधीच कोणी धरून ठेवली नव्हती. इतकी वर्षं ती कोणाच्या तरी मांडीवर बसत होती, आणि त्या कोणालातरी आता ते नको झालं होतं.

तिने चावी सीटच्या फटीत सरकवली. आतून ती कोणीतरी ओढून घेतली. हिसकावून नव्हे. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी, तशी अलगद.

ती बाहेर कशी आली, ते तिला आठवत नाही. मावशीने तिला धरलं. "काय झालं गं? काहून एवढी पांढरी पडली?" मग मावशी गाडीत डोकावली. "अहो, हे पाहा! चावी तर इथंच, समोरच पडली आहे."

चावी सीटच्या मधोमध होती. सीटमधून गढूळ पाणी टपटपत होतं. सगळीच चिंब, बाकीच्या सीटसारखी. अनुपम जींनी एकदा सीटकडे, एकदा मोबाइलकडे पाहिलं, नवा फोटो काढला आणि कागद पुढे केले.

परतताना ऑटोत मावशी तिच्या कानाशी वाकली. "तुह्या कंपासपेटीत मी आधीच पाहिली होती चावी. पूर उतरल्यावर, तुही पुस्तकं वाळवताना. तुह्या बाबाले नाही सांगणार कधी."

प्रणोतीला रडायला आलं. ते उपकाराचं होतं की रागाचं, तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

दिवाळीच्या आधी नवी गाडी आली. मावशीने पुढचं दार स्वतः उघडून धरलं. "बस, तुहीच जागा आहे ती." प्रणोती बसली. पट्टा लावला. मावशी बाबांच्या मागे बसली, तिनेही लावला. सिव्हिल लाइन्सपर्यंत गाडीत छान शांतता होती.

टिंग.

"आता काय झालं?" बाबांनी गाडी बाजूला घेतली. समोरच्या पडद्यावर सीटांची चित्रं होती. तीन हिरवी. चौथं, प्रणोतीच्या अगदी मागचं, लाल.

"तिथं काही ठेवलं का, नीलिमा?"

"नाही जी... रिकामीच आहे."

बाबा उतरले आणि त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावला. आवाज थांबला.

आता ती सवयच झाली आहे. निघण्याआधी बाबा मागचं दार उघडतात, तो पट्टा लावतात आणि 'सेन्सरच खराब येते आजकाल' म्हणून हसतात. मावशी दाराला चिकटून बसते. प्रणोती पुढे बसते. मागे वळून पाहत नाही.

एकदाच पाहिलं होतं तिने. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. मधे एका माणसाएवढी जागा सोडून तो ताणलेला होता, आणि हळूहळू वर-खाली होत होता.