सुवार्ताची सुट्टी

कंधारहून लोह्याकडे निघालेली एसटी फाट्यावर बंद पडली, तसे सगळे प्रवासी खाली उतरून ड्रायव्हरला सल्ले देऊ लागले. एक मुलगी मात्र रिकामी बाटली घेऊन रस्त्यालगतच्या शेतातल्या आखाड्याकडे, गुरांच्या गोठ्याकडे, चालू लागली. फिकट निळा कुर्ता, आखूड कापलेले केस, पायांत धुळीनं माखलेले बूट. नोव्हेंबरचं उबदार ऊन तिच्या पाठीवर होतं.

आखाड्यावर मन्मथ मोठ्या पेचात सापडला होता. तो जनावरांचा डॉक्टर, लोह्याच्या सरकारी दवाखान्यातला. दगडोबाची लाल कंधारी कालवड सकाळपासून अडली होती. वासराचं तोंड आणि एक पाय वाटेवर आलेला, पण दुसरा पाय आतच गुडघ्यातून दुमडलेला. तो हातानंच सरळ करावा लागणार होता आणि मन्मथच्या उजव्या मनगटाला आदल्या दिवशीच एका बैलानं लाथ घातली होती. मनगट सुजून पट्टीत बांधलेलं. डावा हात घालून पाहिला, तो काही केल्या वळत नव्हता.

"जरा पाणी मिळेल का?" मागून आवाज आला.

"थांबा बाई थोडं," दगडोबा म्हणाला. "हितं जनावर अडलंय."

मुलीनं बाटली खाली ठेवली, कालवडीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पहिलटकरीण आहे?"

"हाव. पैलंच वेत हाय."

"मी हात घातला तर चालेल?" आता ती मन्मथकडे पाहत होती. "मी सुईण आहे."

"माणसांची?"

"आजवर तरी माणसांचीच." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "तुम्ही सांगा, मी करते."

तिनं बाह्या वर सारल्या, कोपरापर्यंत साबण लावला आणि क्षणभर डोळे मिटले. ओठ जरासे हलले. मग तिचा सडपातळ हात आत गेला.

"वासराला आधी मागं ढकला," मन्मथ सांगू लागला. "कळ येईल तेव्हा थांबा. खूर सापडलं का?"

"सापडलं."

"ते मुठीत झाका. नाहीतर आत जखम होईल. आता... हळू, पुढं घ्या."

तिच्या कपाळावर घाम आला. कालवड हंबरली, तशी ती तिच्याशी बोलू लागली — कुठल्याशा अनोळखी भाषेत, लाडानं, एका लयीत. थोड्याच वेळात दोन्ही खुरं जोडीनं बाहेर आली. दगडोबानं आणि तिनं मिळून ओढलं, आणि ओलं, लालसर वासरू गवतावर आलं. तिनं काडीनं त्याच्या नाकपुड्यांना गुदगुल्या केल्या. ते शिंकलं.

मन्मथ वासराकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"सुरुवातीला डोळे मिटून काय म्हणालात?"

"प्रार्थना. येशूला म्हटलं, हात माझा आहे, पण अक्कल या डॉक्टरांची आहे... दोघांनाही सांभाळ."

"नाव काय तुमचं?"

"सुवार्ता."

"म्हणजे?"

"चांगली बातमी."

मन्मथनं डाव्या हातानं तिच्या हातांवर पाणी ओतलं. तेवढ्यात रस्त्यावरनं घरघर आली आणि दुरुस्त झालेली एसटी तिला न घेताच निघून गेली.

दगडोबानंच मन्मथला आपल्या मोटारसायकलवर आणलं होतं. आता त्याला कालवडीजवळून हलता येत नव्हतं. "डॉक्टर, गाडी घेऊन जावा. मी मागून येऊन नेतो," तो म्हणाला, मग त्याची नजर मन्मथच्या पट्टीवर गेली.

"किल्ली द्या," सुवार्ता म्हणाली. "मलावीत याच्यापेक्षा वाईट रस्त्यांवर चालवते मी. तेही चिखलात."

अशा रीतीनं त्या दुपारी डॉक्टर मन्मथ एका अनोळखी मुलीच्या मागं बसून लोह्याच्या बाजारातून गेला. सगळ्या पेठेनं पाहिलं.

*

वाटेत त्यानं तिला बोलतं केलं होतं. तिचे वडील पास्टर शमुवेल, निवृत्त झालेले, लोह्यातच राहत होते. नर्सिंग करून ती मिशनतर्फे आफ्रिकेत, मलावीला गेली, तळ्याकाठच्या एका लहानशा दवाखान्यात. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली आणि तिथलीच झाली. आता सुट्टीवर आली होती.

मग मन्मथ तिला रोज वासराचा फोटो पाठवू लागला. 'पेशंट दूध पिऊन राहिला.' 'पेशंटनं दगडोबाला शिंग नसताना धडक दिली.' तिचंही उत्तर यायचं, 'डॉक्टरांच्या मनगटाची खबर कोण देणार?'

मनगट बरं झालं तरी खबर द्यायला तो स्वतः जायचा. पास्टर शमुवेल अंगणात खुर्ची टाकून द्यायचे, चहा यायचा आणि सुवार्ता तिकडचं सांगत बसायची. होडीतून येणाऱ्या गरोदर बाया. कळा सोसताना एकमेकींचे हात धरून गाणाऱ्या. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात घातलेले टाके. सांगताना ती स्वतःला कधी मोठं करत नसे.

"कधी भीती नाही वाटत?" त्यानं एकदा विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. "एकीला नाही वाचवू शकले मी. रक्त थांबेना. तिची मुलगी आता दवाखान्याच्या अंगणात कोंबड्यांमागं पळत असते. मला बघितलं की येऊन पायाला मिठी मारते... त्या दिवसानंतर भीती वाटते. पण पळून जावंसं नाही वाटत."

इतक्या साध्या आवाजात इतकं मोठं बोलणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात दोघं कंधारच्या तळ्यावर गेले. बांधावर वारा होता, पाण्यावर बगळे उतरत होते. तिची ओढणी सारखी त्याच्या बाहीवर येत होती आणि दोघांपैकी कुणीच ती बाजूला करत नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात निघतेय," ती म्हणाली. "तिथली दुसरी सिस्टर आजारी पडलीय. सुट्टी अर्धी सोडून जावं लागेल."

"जाऊ नका." त्याच्या तोंडून निघून गेलं. "नांदेडला काय कमी दवाखाने हायेत? बाळंतपणं इथंबी होतातच की. तुम्ही इथं... म्हणजे... मी..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण नजर ढळली नाही.

"नांदेडला मी नसले तर दुसरी येईल, मन्मथ. तिथं मी नसले तर त्या बाईजवळ कुणीच नसतं." मग अगदी हळू, "तुम्ही 'मी' म्हणून थांबलात. ते पुढचं नका बोलू आत्ता. ऐकलं तर मला जाणं जड होईल."

*

घरी आल्यावर मन्मथ जेवला नाही. त्याच्या आईला, महादेवीला, पेठेतून सगळं आधीच कळलं होतं. तिनं ताट झाकून ठेवलं आणि समोर बसली.

"पास्टरची पोरगी ना?"

"हाव."

"आन परमुलखात बाळंतपणं करती?"

"हाव. आई, आपण लिंगायत, ती ख्रिश्चन, हे मला कळतं, पण..."

"मला सांगू नको." महादेवीनं गळ्यातल्या लिंगाचा दोरा बोटांत धरला. मग म्हणाली, "तुझ्या टायमाला मी दोन दिस अडले होते. शांतम्मा सुईण नसती तर तू न्हाई आन मीबी न्हाई. तिची जात इचारायला टाइम न्हवता मला. निघती कधी ती?"

नांदेडच्या स्टेशनावर हैदराबादची गाडी लागली तेव्हा महादेवी मुलासोबत हजर होती. हातात जड पिशवी. तीच आधी पुढं झाली.

"पोरी, तिकडं बाळंतिणीला खायला काय घालतात?"

"मक्याची पेज, मावशी. मिळाली तर मासळी."

"डिंक, खारीक, अळीव हाय ह्यात. लाडू कर त्यांना. पाठीला बळ येतं." तिनं पिशवी तिच्या हाती दिली आणि तिच्या गालावरनं बोटं फिरवून कडाकडा मोडली.

सुवार्ता वाकून पाया पडली. उठली तेव्हा रडत होती, हसतही होती. गाडी हलली. मन्मथ खिडकीसोबत चालत राहिला.

"तुम्ही जाता तेच बरोबर हाय," तो म्हणाला. "मला एवढंच सांगायचं होतं."

*

ती गेल्यावर फोन सुरू झाले. एकदा तिनं मोबाइल एका आजारी शेळीसमोर धरला. तिकडं दर पावसाळ्यात शेळ्या मरायच्या, विचारायला कुणी नव्हतं. मन्मथनं लोह्यातून शेळीचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, औषध सांगितलं. ती जगली. मग बाया आपापल्या शेळ्या घेऊन दवाखान्याच्या ओसरीवर रांग लावू लागल्या.

त्या काळात तो एकटाच पास्टर शमुवेलांकडे जाऊन बसायचा. एकदा त्यांनी विचारलं, "तिला तिच्या कामातून माघारी तर ओढणार नाही ना तुम्ही?"

"न्हाई. आणि ती मला गळ्यातलं लिंग काढायला सांगणार न्हाई. एवढं बोलणं फोनवर झालंय. पुढचं अजून न्हाई."

पास्टर खुर्चीतून उठले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आणखी एक चहा सांगितला.

फेब्रुवारीत एका सकाळी फोन वाजला. महादेवी शेजारीच शेंगा निवडत बसली होती. पलीकडं पत्र्यावर धो धो पाऊस, ओसरीवर बायांची गर्दी, आणि मधोमध सुवार्ता — थकलेली, केस विस्कटलेले. नुकतीच जुळ्यांची सुटका करून आली होती.

"मन्मथ, इथं जनावरांना डॉक्टर नाही."

"एवढ्यासाठीच बोलावून राहिल्या का?"

तिनं खाली पाहिलं, ओले हात कुर्त्याला पुसले. मग कॅमेऱ्यात सरळ पाहून काहीतरी बोलली. पावसात ते विरून गेलं... किंवा गेलं नसावं, कारण मन्मथचे कान लाल झाले होते.

"ऐकू न्हाई आलं. पाऊस लई हाय तिकडं. परत म्हणा."

"मला तुम्ही हवे आहात," ती मोठ्यानं म्हणाली. "शेळ्यांचं नंतर बघू."

मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या त्या बायांना सगळं कळलं. एकीनं जीभ फिरवून लांब किलकारी घातली, तिच्यामागं दुसरीनं, आणि बघता बघता सगळी ओसरी टाळ्या वाजवू लागली.

मन्मथ फोन धरून नुसता हसत होता. डोळे पुसत होता.

महादेवीनं सूप बाजूला सारलं आणि फोनमध्ये डोकावून पाहिलं.

"अरे मग हाव म्हण की," ती म्हणाली. "एवढ्या बाया वाट बघून राहिल्या."