लाल ठिपके, निळी रेघ

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या, तुमच्या पाया कोण पडतंय?

आणि रात्रबित्र नव्हती. मंगळवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. ऑफिसचा दुसरा मजला.

मी गाड्यांचा माग ठेवतो. जीपीएस कधी धड जागा दाखवत नाही. लाल ठिपके नदीत पडतात, कुणाच्या छपरावर पडतात. आमचा प्रोग्राम त्यांना ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतो आणि निळी रेघ काढतो. मी फक्त रेघ बघतो. ठिपके बंद ठेवतो. कचरा कोण बघत बसणार?

आमचे जावईबापू, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, औषधांची व्हॅन चालवायचे. नोकरी मीच लावून दिलेली. स्वतःच्या अकलेवर काय मिळणार होतं?

त्यांचा फोन आला.

"दादा, रस्ता संपलाय."

"संपायला तो काय बिस्किटाचा पुडा आहे?"

"खरंच सांगतो. खाली डांबर नाही. चाकांचा आवाजच येत नाहीये..."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"मागेही रस्ता नाही, दादा. थांबू का?"

मी स्क्रीन बघितली. निळी रेघ रस्त्याच्या बरोबर मधोमध.

"रस्त्यावरच आहात. थांबलात तर नोकरी गेली समजा. चला पुढे."

पलीकडून इंजिनाचाही आवाज नाही...

"बरं. तुम्ही म्हणताय तर..."

फोन कट.

रेघ पुढे सरकली. दोन चाळीसला गोदामात पोचली. मी हसलो. घाबरट कुठला!

चार वाजता बहिणीचा फोन आला. ह्यांचा फोन लागत नाही म्हणाली. मी वैतागून गोदामाच्या वॉचमनला विचारलं.

"गाडी नाही आली, साहेब. दोन चाळीसला हॉर्न वाजला म्हणून मी गेट उघडलं होतं. पण बाहेर..."

"बाहेर काय?"

"कुणीच नव्हतं."

तेव्हा कुठे मी ठिपके चालू केले.

दोनलाच ते रस्ता सोडून माळावर गेले होते. दोन बाराचा शेवटचा ठिपका पाण्यानं भरलेल्या बंद दगडखाणीत. त्यापुढे एकही नाही.

ठिपक्यांशिवाय रेघ निघत नाही. कधीच नाही. मग गोदामापर्यंतची अर्ध्या तासाची रेघ कशाची?

माझी पाचावर धारण बसली.

व्हॅन खाणीतच सापडली. जावईबापू आतच होते.

बहीण सारखी विचारायची, शेवटी कुणाशी बोलले? मी म्हणायचो, काय माहीत. दुसरं काय सांगणार होतो? मीच घालवलं त्यांना.

काल दुपारी ती माझ्यासमोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा फोन वाजला. तिनं उचलला. बराच वेळ ऐकत राहिली...

मग फोन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"दादा, ते थांबू का विचारत होते. तू चला म्हणालास?"

फोन कुणाचा होता, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.