बारानंतर बदल नाही

इसवी सन दोन हजार दोन, जून महिन्यातील पहिला शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. स्थळ – जालना जिल्ह्यातील भोकरदन, बसस्थानकासमोरच्या गल्लीतले संपतचे संगणक केंद्र. या तपशिलाविषयी दोन्ही पक्षांत आजही मतभेद नाही. मतभेद आहे तो पहिले वाक्य कोण बोलले एवढ्यापुरता. प्रभावतीचे म्हणणे असे, की तो बोलला. आणि प्रभावतीचे म्हणणे खोडून काढण्याची ज्याची छाती असेल, त्याने ती खुशाल अजमावून पाहावी.

केंद्राच्या भिंतीवर एक फळा होता. तिकडे जपान-कोरियात फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला होता, आणि इकडे भोकरदनात फुटबॉलचे मैदान औषधालाही नसताना संपतने एक खेळ काढला होता. त्याला तो 'स्वप्नसंघ' म्हणे. कोणत्याही देशांचे कोणतेही अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्यक्ष सामन्यात ते जे करतील त्याचे गुण आपल्या नावावर. पहिला सामना दुपारी बाराला सुरू होई. तोवर संघात हवा तो बदल करावा. बारानंतर बदल नाही. निवडलेला गडी मैदानात उतरलाच नाही, तर त्याच्या नावावर भोपळा. म्हणून साऱ्या खेळाचे मर्म शेवटी एकाच प्रश्नात होते – ज्याला लागले आहे त्याला ठेवायचे, की काढायचे? अशा गड्याच्या नावापुढे संपत खडूने 'शंका' असे लिहीत असे.

प्रभावती या खेळासाठी आली नव्हती. पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत ती तासिका तत्त्वावर खेळ शिकवी. नोकरी पक्की व्हायची तर संगणकाचा अभ्यासक्रम हवा, म्हणून आली होती. एस.टी.त मिरच्यांच्या पोत्यांना खेटून बसल्याने तिच्या ओढणीला तिखट वास येत होता, आणि फळ्याखालच्या खुर्चीवर बसून ती एका बोटाने आपले नाव टंकत होती, तोच मागून आवाज आला –

"जरा सरकता का? तुमच्या डोक्यामागं माझा बचावपटू आहे."

"राहू द्या की. सावलीत आहे बिचारा," मान न वळवता ती म्हणाली.

"घोटा मुरगळला त्याचा. पुसून टाकून राह्यलो."

आता मात्र तिने मान वळवली. हातात डस्टर घेतलेला, बाह्यांवर खडूची भुकटी असलेला एक उंच तरुण उभा होता.

"मुरगळलाच ना? मोडला तर न्हाई? पट्टी बांधून खेळंल तो."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाई. खो-खो."

त्याने हसू दाबले, बचावपटू पुसला, आणि बाराच्या आत दुसरे नाव लिहिले. त्या दुपारी घोट्याला पट्टी बांधलेला तो गडी पूर्ण वेळ खेळला आणि वर एक गोलही करून गेला. सोमवारी त्या उंच तरुणाने, म्हणजे बद्रीनाथने – टेंभुर्णीचा बद्रीनाथ, भोकरदनात गणिताच्या शिकवण्या घेणारा, फळ्यावर पहिल्या क्रमांकाने मिरवणारा बद्रीनाथ – तिच्यापुढे मुकाट्याने चहाचा कप ठेवला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

"हरलेल्याचा चहा आहे, मॅडम. असाच असतो."

त्याच दिवशी तिनेही आपला संघ फळ्यावर लिहिला.

तिचे दहा गडी कोणालाही मान्य व्हावेत असे होते. अकरावा मात्र एका युरोपीय संघाचा डावखुरा खेळाडू होता. स्पर्धेच्या तोंडावर त्याच्या गुडघ्याला लागले होते, देशाने त्याला तरीही सोबत नेले होते, आणि सामन्यामागून सामना तो बाकावर बसून होता. संपतने त्याचे नाव 'गुडघेबुवा' ठेवले. प्रत्येक सामन्याला गुडघेबुवा प्रभावतीच्या पदरात भोपळा टाकी, आणि प्रभावती दर वेळी त्यालाच ठेवी.

"आजही?" बद्रीनाथ विचारी.

"आजही."

"तुमच्या संघात तो खेळाडू हाये का पाहुणा?"

"पाहुणा. तुम्हाला जागा कमी पडून राह्यली का?"

सारे केंद्र हसे, आणि त्या हशात तो तिच्याकडे जरा अधिकच वेळ पाहत राही... आणि ते तिला कळे. मग एका बोटाऐवजी दोन बोटांनी टंकताना तिची अक्षरे चुकत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर चिकित्सक वाचक ती विचारल्यावाचून राहणार नाही. बद्रीनाथ सकाळची शिकवणी आटोपून येई, तेव्हा ती खुर्चीवर बसलेली असे. आणि बाराला त्याची दुसरी शिकवणी असल्याने तो तिच्याआधी निघून जाई. तिला चालताना त्याने पाहिलेच नव्हते.

आणि मग तो दिवस आला. वीज गेली, पंखा थांबला, संगणकांचे पडदे काळे झाले. उकाड्याने सगळेच चिडचिडे झाले होते. बद्रीनाथ वर्तमानपत्राने वारा घेत, शिकवणीतल्या पोरांना समजावावे अशा सुरात म्हणाला, "हे बघा, घोटा बरा होतो. खांदा बरा होतो. गुडघा गेला की खेळाडू संपला. भावनेचा सवालच न्हाई. काढून टाकायचा."

प्रभावती उठली. खुर्ची सारली, आणि खोलीच्या या टोकापासून दारापर्यंत चालत गेली. डावा पाय किंचित उशिराने पडे. जणू प्रत्येक पावलागणिक तो आधी विचार करी आणि मग निघे. दारात पोहोचून ती वळली.

"विद्यापीठाच्या सामन्यात खांबाजवळ पडल्ते मी. डावा गुडघा. दोन वर्षं झाली." तिने फळ्याकडे बोट केले. "टाका काढून."

बद्रीनाथच्या हातातले वर्तमानपत्र वारा घालायचे थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमधून उतरली, तर समोर तो उभा. शिकवणी सोडून आला होता. धुळीचा लोट आला आणि दोघांनीही डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो एक पाऊल जवळ आला होता.

"माफी मागायला आलो..."

"मागू नका. मंग तुम्ही दया कराल, आन् दयेवर मला पुन्हा चिडावं लागंल. जल्दी चला, माझा तास आहे."

तो चालू लागला – आधी तिच्या पुढे, मग ओशाळून फार हळू. ती थबकली.

"असं बैलगाडीमागं चालल्यावानी नका चालू. तुमच्या चालीनं चाला. मी येते."

ती आली. बरोबरीने आली. केंद्रात पोहोचल्यावर त्याने आपल्या संघातला एक धट्टाकट्टा गडी पुसला आणि त्या जागी गुडघेबुवा लिहिला. प्रभावतीच्या कपाळावर आठी चढली.

"हे काय? सांगितलं ना, दया नको."

"दया न्हाई, हिशेब हाये." त्याने खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला. "काल त्यानं पूर्ण सराव केला. परवा अर्धा केल्ता. आज बदली म्हणून उतरंल."

"आन् न उतरला तर?"

"तर मी चुकलो. तुम्ही जशा रोज चुकून राह्यल्या, तसा."

तिने तुकडा हातात घेतला, दोनदा वाचला, आणि बारीक आवाजात म्हणाली, "कागद बराबर आहे." पण तिचे डोळे कागदावर नव्हते.

गुडघेबुवा उतरला. शेवटची वीस मिनिटे उतरला. गोल केला नाही, चमत्कार केला नाही. एकदा चेंडू नेमका पुढे ढकलला, एकदा पडला, आणि पडल्यावर आपला आपण उठला. संपतने फळ्यावर दोघांच्याही नावापुढे एकेक गुण मांडला. त्या एका गुणावर प्रभावती अशी हसली, की फळ्यावरचा पहिला क्रमांक आपल्या हातून कधी निसटला, हे बद्रीनाथला संध्याकाळपर्यंत कळले नाही.

जूनच्या अखेरच्या आठवड्यात, पिंपळगावच्या बसची वाट पाहत, त्याने सांगितले, "रविवारी आमच्या घरचे येऊन राह्यले. तुमच्याकडं."



"आजवर तिघं येऊन गेले," ती म्हणाली. "पोहे खातात, नाव-गाव विचारतात. मंग कोणीतरी म्हणतं – पोरी, चार पावलं चालून दाखव. मी चालते. ते जातात... दर बारीला माझे बापू म्हणतात, पाहुणे यायच्या आधीच बसून राह्य, लुगडं पायावर ओढून घे. या बारीला मी लपवणार न्हाई. आन् कोणी म्हटलं म्हणून चालून दाखवणारही न्हाई. मोडली सोयरीक तर मोडू द्या."

"मी घरी सांगितलं, गुडघ्याचं."

"कामून? तुम्हाला कोणी विचारल्तं? माझा गुडघा मीच जाहीर करणार होते!"

"चुकलं." तो म्हणाला, "मायनं ऐकलं. काहीच बोलली न्हाई."

त्या 'काहीच बोलली न्हाई'चे ओझे दोघांच्या मधोमध पडून राहिले. लांबून बस वळताना दिसली.

"डॉक्टर म्हणले, गुडघा पुन्हा जाऊ शकतो," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही रोज बाराच्या आत माणसं पुसता. उद्या माझ्या नावापुढं 'शंका' लिहून आलं, तर?"

"प्रभावती –" त्याने प्रथमच तिला नावाने हाक मारली. "माझे बारा कव्हाच वाजून गेले. आता बदल न्हाई."

बस आली. धूळ, हॉर्न, मिरच्यांची पोती... या सगळ्यात ती चढली. खिडकीशी बसली. आणि बस हलता हलता तिने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून त्याच्या बाहीवरची खडूची भुकटी झटकली. एवढेच. ज्यांना याहून मोठा कबुलीजबाब लागतो, त्यांनी प्रेमाविषयी न बोललेले बरे.

रविवारी, अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी, पिंपळगावच्या घरासमोर जीप थांबली. बद्रीनाथ, त्याची आई द्वारकाबाई, आणि तिचा भाऊ वसंता. प्रभावतीचे वडील, रामकिसनबापू, लेकीला डोळ्यांनी खुणावत होते : बस, बस लवकर! पण ती बसली नाही. पोह्यांच्या बशा घेऊन ती स्वयंपाकघरातून आली, सगळ्यांदेखत, आपल्या चालीने. बशा ठेवल्या आणि सतरंजीवर बसली. बापूंचा चेहरा पडला.

वसंतामामांनी पोहे संपवले, हात पुसले आणि जे व्हायचे तेच झाले.

"येताना ध्यान नव्हतं आमचं. पोरी, जरा ऊठ. चार पावलं चालून दाखव बरं."

"मामा," ती शांतपणे म्हणाली, "पोहे आणले तेव्हा चालतच आल्ते. मी रोज चालते, शाळेत पोरींना पळायला शिकवते. गुडघा दुखावलेला आहे. लपवलेलं काही न्हाई. पण तपासणीला म्हणून मी चालणार न्हाई."

"प्रभे!" बापूंनी हात जोडल्यासारखे केले. "चार पावलांचा तर सवाल हाये..."

"बापू, तीन बारी चालले. बस झालं."

"रीत हाये पोरी," मामांचा आवाज चढला. "शंका असली तर पाहावं लागतं."

"मंग नवरदेवालाही चालवा. त्यांच्या पायाची खात्री आम्हाला कोणी दिली?"

ओसरीवरच्या साऱ्या माना नवरदेवाकडे वळल्या. आणि बद्रीनाथ उठला. गंभीर चेहऱ्याने अंगणातल्या लिंबापर्यंत चालत गेला, वळला, परत आला. सतरंजीच्या कडेला अडखळून पडता पडता वाचला, आणि आईसमोर उभा राहिला. दारामागे कोणीतरी फिस्सकन हसले. प्रभावतीने ओठ घट्ट मिटून घेतले, पण डोळे तिचे ऐकेनात.

"तमाशा लावला का?" मामा उखडले. "बाई, ऊठ. असल्या तोंडाळ पोरीला –"

द्वारकाबाई उठल्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. निम्मे आयुष्य पऱ्हाटीचा कापूस वेचण्यात वाकलेल्या त्या बाईला उभे राहायला वेळ लागला. सगळ्यांना वाटले, निघाल्या. बापूंनी मान खाली घातली. प्रभावतीने घातली नाही.

पण द्वारकाबाई दाराकडे वळल्या नाहीत. हळूहळू, दोन्ही पाय फाकत टाकत, त्या प्रभावतीपाशी आल्या आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसल्या.

"वसंता, माझे दोन्ही गुडघे गेले. अन् तुझ्या भाच्याची चाल तर आत्ताच पाह्यली," त्या म्हणाल्या. "पिशवीतले पेढे काढ. पोरगी पक्की."