दगडांची काळी बाजू

बाई जिना चढून दारात येण्याआधीच धुराचा वास खोलीत आला.

आत्याने चष्मा वर सरकवला. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची ती एवढीशी खोली म्हणजे तिचं ऑफिस. एक टेबल, तीन खुर्च्या, आणि त्यातली एक कायम अडवून बसलेला तिचा चाळिशीचा पुतण्या. आत्या खाजगी तपास करायची. पुतण्या गाडी चालवायचा, वही लिहायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"मी शिवणकाम करते," बाई म्हणाली. "जुन्या खाणीजवळ तंबूंत राहतो आम्ही. परवा टेकडीवर आग लागली, ती माझ्या बाबांनी लावली म्हणतात. त्यांना चौकीवर बसवून ठेवलंय. आज पाच वाजता आमचे सगळे तंबू हलवणार. जायचं कुठे, ते कोणी सांगत नाही."

पुतण्याने पेपरात वाचलं होतं. पायथ्याशी कॉलनी, वर तंबू, मध्ये वाळलेलं गवत. दोन तंबू जळाले होते आणि आग कॉलनीच्या भिंतीला भिडली होती.

"चूल पेटवता ना तुम्ही?" त्याने विचारलं.

"पेटवतो, दादा. हवेवर जेवण शिजत नाही." बाई आत्याकडे वळली. "अकरा तंबूंत चूल एकच, खाणीच्या खड्ड्यात. ज्याची पाळी त्याच्याकडे लाल चिंधी बांधलेली बादली. चूल विझवायची, राख भिजवायची, मग तिच्यात हात घालून बघायचा. हात भाजला नाही तरच बादली पुढच्याला. आधीच्या जागी आमचं सगळं जळलं होतं, तेव्हापासूनचा नेम आहे."

"परवा पाळी कोणाची होती?"

"बाबांची. सकाळी नऊ वाजता बादली त्यांनी माझ्या हातात दिली. आग लागली दुपारी पाऊण वाजता."

पुतण्याने वहीत लिहिलं, 'संशयित: म्हातारा.'

"मुलगी बापाच्याच बाजूने बोलणार," जिना उतरताना तो कुजबुजला.

"बोलू दे," आत्या म्हणाली. "आपण टेकडी काय म्हणते ते ऐकू."

कॉलनीचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर होते. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं त्याहून कडक.

"मी स्वतः बाल्कनीतून पाहिलं. वर ठिणग्या उडाल्या, गवत पेटलं आणि आग खाली उतरत आली. मी भिंतीशी पाइप धरून उभा राहिलो म्हणून वाचलो." मग त्यांचा आवाज खाली आला. "त्या भिंतीला लागूनच माझी नात झोपते. तंबू आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही."

"गवत कापून घ्यायचं होतं," आत्या म्हणाली.

"टेकडीला हात लावायलाही परवानगी लागते. तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. भिंतीपर्यंत कमरेएवढं गवत तसंच उभं होतं."

पुतण्याला माणूस पटला.

वॉचमन पंपाच्या खोलीत सापडला. त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट पाहून पुतण्याने कान टवकारले.

"ओढता कुठे?"

"भिंतीपलीकडे. पण परवा नाही. परवा जेवायला घरी होतो."

"रोज किती वाजता जाता?" आत्याने विचारलं.

"एकला. परवा साहेबांनीच साडेअकराला पिटाळलं. म्हणाले, ऊन फार आहे, निवांत ये."

आत्या कोपऱ्यातल्या गवत कापायच्या यंत्राकडे बघत होती. लांब दांडा, टोकाला चांदणीसारखं पोलादी पातं. पात्यावरचा पिवळा रंग अजून झिजलाही नव्हता.

"नवीन आणलंत?"

"यंत्र जुनंच आहे. पातं साहेबांनी परवा संध्याकाळी बदललं. जुनं चांगलं चालत होतं की."

मग दोघं टेकडी चढले. पुतण्या धापा टाकत वर पोचला आणि मागे वळून बघत राहिला.

"गंमत आहे. चढताना सगळे दगड काळेकुट्ट दिसत होते. आता वरून बघतोय तर तेच पांढरे."

"ही गंमत वहीत लिही," आत्या म्हणाली.

उतरताना ती भिंतीच्या कडेकडेने चालली. राखेत गवताची खुंटं होती, न्हाव्याने मशीन फिरवावं तशी, बोटभर, एकसारखी. भिंतीच्या मध्यावर ती संपली. पुढे नुसती वेडीवाकडी जळकी ठोंबं. जिथे खुंटं संपली, तिथे एका दगडावर चकचकीत ओरखडा होता. आत्याने त्याचा फोटो काढला.

साडेचारला कॉलनीच्या ऑफिसात सगळे जमले. बाहेर तंबू न्यायला आलेला टेम्पो उभा होता. फौजदार म्हाताऱ्याला घेऊन आले होते. सेक्रेटरी घड्याळ बघत होते.

आत्याने मेणबत्ती पेटवली आणि एक पांढरा कप ज्योतीला भिडवून धरला.

"सांग रे, काजळी कोणत्या बाजूला धरली?"

"ज्योतीकडच्या," पुतण्या म्हणाला, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "आत्या, दगड तर कॉलनीकडून काळे आहेत."

"म्हणजे आग खालून वर गेली. तंबूंकडून आलीच नाही."

"मग वॉचमनची सिगारेट," फौजदार म्हणाले.

"तो घरी होता. रोजच्यापेक्षा दीड तास आधी त्याला कोणी घालवलं आणि का, ते विचारा." आत्या सेक्रेटरींकडे वळली. "तुम्ही म्हणालात, गवत कमरेएवढं उभं होतं. उभं गवत जळलं की खुंटं वेडीवाकडी उरतात. भिंतीलगत ती मोजून कापल्यासारखी आहेत. म्हणजे आगीच्या आधी तिथे यंत्र फिरलं, आणि अर्ध्यावरच थांबलं. थांबलं तिथे दगडावर ताजा ओरखडा आहे. पोलादी पातं, दगड आणि भर दुपारचं वाळलेलं गवत. जुनं पातं मिळालं तर त्याचा दात तुटलेला असेल."

सेक्रेटरींनी खण उघडून कागदात गुंडाळलेलं पातं टेबलावर ठेवलं. एक दात नव्हता.

"परवानगी नव्हती," ते म्हणाले. "म्हणून वॉचमनला घरी पाठवलं. मला नातीसाठी आग टाळायची होती. नंतर सगळेच म्हणाले, तंबूवाल्यांनी लावली. मी फक्त नाही म्हणालो नाही."

"तुम्ही पाहिलं म्हणालात," शिवणकामवाली शांतपणे म्हणाली.

"हो," सेक्रेटरी म्हणाले. "तसं म्हणालो."

फौजदार उठले. "तंबू हलवायचा हुकूम या आगीच्या कारणावरून निघाला होता. टेम्पो रिकामा जाईल, वरिष्ठांशी मी बोलतो. साहेब, तुम्ही जबाब द्यायला चला."

मुलीने आणलेली लाल चिंधीची बादली म्हाताऱ्याने उचलली आणि सेक्रेटरींसमोर ठेवली.

"कॉलनीच्या फाटकापलीकडचं गवत अजून उभंच आहे," तो म्हणाला. "परवानगी आणा. दव असतं तेव्हा सकाळी विळ्याने कापू. तुम्ही कापा, मी पाणी घेऊन मागे चालतो."

सेक्रेटरी बादलीकडे बघत राहिले. "मला विळा चालवता येत नाही."

"मग बादली तुम्ही धरा."

पुतण्याने वही उघडली आणि सकाळची ओळ दोनदा खोडली.